समोरची बाजू

पहिल्या वर्षाच्या सत्र परीक्षेत मी लिहिलं होतं, "कलगीतुरा हा लोकगायनाचा प्रकार आता लुप्त झाला आहे." त्या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले. सरांच्या नोट्समध्ये तसंच होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेल्या कागदाशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पेपर शनिवारी होता. रविवारी दुपारी मी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डबा घेऊन वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेले. तिथे एका बंद गाळ्यासमोरच्या ओट्यावर लुप्त झालेले पाच जण डफ वाजवत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी डबा ठेवला आणि घरी येऊन पुढच्या पेपरचा अभ्यास केला. मला काही विचित्र वाटलं नाही, हे आज कबूल करायला हवं. सर म्हणतात ते कॉलेजातलं खरं, आणि हे मार्केटातलं. दोन्हींची गाठ पडेल असं मला वाटलं नव्हतं.

आबा माथाडी. गोणी पाठीवर घेऊन ट्रकमधून गाळ्यात आणि गाळ्यातून ट्रकमध्ये. तीस वर्षं कांद्याखाली वाकलेला माणूस रविवारी मात्र ताठ बसायचा, कारण तो कलगीचा शाहीर होता. ज्यांच्या घरात डफ नाही त्यांच्यासाठी सांगते. कलगी आणि तुरा अशा दोन बाजू. कलगीवाले म्हणतात, जग शक्तीनं केलं, देवी मोठी. तुरेवाले म्हणतात, शिव मोठा, देवी त्याच्या मागून आली. एक बाजू कोड्यासारखा सवाल गाते, दुसरीनं त्याच चालीत जबाब गायचा. मधल्या वेळेत एकमेकांची अब्रू काढायची. जग कोणी केलं याचा निकाल तीस वर्षांत लागला नव्हता आणि लागू नये अशी सगळ्यांचीच मनापासून इच्छा होती.

आमच्या कॉलेजात तेव्हा केस वाढवलेली तीन-चार मुलं होती. एका सोसायटीच्या तळघरात ती गिटार बडवायची आणि "आमचं म्युझिक अंडरग्राउंड आहे" असं सांगायची. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. त्यांचे कार्यक्रम नोटीस बोर्डावर लागायचे, त्यांना फळ्यावर खडूनं शुभेच्छा असायच्या. आबांच्या मंडळींचं गाणं मार्केटच्या वॉचमनशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि तोही त्या वेळेला कानात कापूस घालून झोपायचा.

आबा मुंबईत जुन्या बाजाराजवळच्या खोलीत राहायचे तेव्हा म्हणे दोन्हीकडचे मिळून चाळीस जण जमायचे. मार्केट खाडीच्या अलीकडे आलं, माणसं कोपरखैरणे, घणसोली अशी पांगली. कोणाची पाठ गेली, कोणी गावी गेला, कोणी गावी जाऊन मग गेला. मी बघायला लागले तेव्हा कलगीत तिघं उरले होते. आबा, आणि मागून ओळ धरणारे दोन काका. तुऱ्यात दोघं. एक तुणतुणं वाजवणारे मामा आणि त्यांचे शाहीर, नाना.

नाना सत्तरीच्या पुढचे. गोणी उचलायचं कधीच थांबलं होतं, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता तो होताच. त्यांच्या डफाच्या कडीला जरीचा एक तुरा बांधलेला असायचा, त्यांच्या गुरूच्या हातचा. आबा आणि नाना एकाच तालुक्यातले, नदीच्या दोन काठांवरचे. आठवडाभर भेटले तर तंबाखू एकाच चंचीतली. रविवारी मात्र वैर. एका बाजूनं दुसऱ्या बाजूच्या तांब्यातलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उन्हाळ्यात नानांचा तांब्या रिकामा झाला तर ते तहानलेले बसायचे, आणि आबा आपला भरलेला तांब्या त्यांना दिसेल असा पुढ्यात ठेवायचे. धर्म म्हणजे धर्म.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आबांनी मला कामाला लावलं. त्यांच्या बाजूचे लिहिते-वाचते असे चौथे एक काका आधीच वारले होते, आणि त्यांची जुनी बाडं, म्हणजे गाण्यांच्या हातानं लिहिलेल्या वह्या, लाल फडक्यात बांधून आमच्या ट्रंकेत आली होती. आबांना वाचता येत नव्हतं.

"शिकतीयास न्हवं? मग लिव," ते म्हणाले. "कुनी काय इचारलं, कुनी काय सांगितलं, समदं."

मी दोनशे पानी वही घेतली. कॉलेजनं मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, ती म्हणजे अनुक्रमणिका. तारीख, सवाल, कोणाचा, जबाब मिळाला की नाही, पान क्रमांक. लाल शाईनं समास. आबा ती वही काकांना उघडून दाखवायचे, बऱ्याचदा उलटी धरून. मला फार अभिमान वाटायचा. तीस वर्षं ही माणसं लाल समासाशिवाय कशी गात होती, याचंच नवल वाटायचं.

एकदा मी धीर करून विचारलंही, "आबा, मी मागून ओळ धरू का? मला पाठ झालंय सगळं."

आबांनी काकांकडं बघितलं, काकांनी कांद्याच्या गोणीकडं बघितलं. देवी मोठी, जग बाईनं केलं, हे तीस वर्षं घसा फोडून सांगणारी ही मंडळी. शेवटी एक काका म्हणाले, "शक्ती मोठी हाय, त्यात वाद न्हाई. पर तिनं डबा आनावा."

मी डबा आणत राहिले आणि वही लिहीत राहिले.

पौषात एका रविवारी नानांनी एक नवा सवाल टाकला. तो मला इतका आवडला की मी तो अक्षर काढून लिहिला, पान एकोणीसवर:

संगं माझ्या जन्मा आली, न्हाई तिला पाळना,
दुपारी बसे पायापाशी, दिस कलता आवरंना,
मी मेलो तर तिला खांदा कोन देतो, सांग ना.

आबांनी डफावर चार थापा मारल्या, तेवढ्या वेळात विचार केला आणि गाऊन सांगितलं. ती तुझी सावली. तुला चौघं उचलतील, तिला त्या चौघांच्या सावल्या उचलतील. काका "व्हय जी व्हय" करत ओट्यावर अर्धे उभे राहिले. नानांनी मान खाली घातली, पण मिशीत हसत होते. चांगला सवाल चांगल्या माणसानं फोडला की विचारणाऱ्यालाही बरं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. जबाबाखाली मी दोन रेघा मारल्या.

मग वार्षिक परीक्षा आली. मार्च-एप्रिलचे सगळे रविवार मी घरी अभ्यासात काढले. मेमध्ये मोकळी झाले आणि वही घेऊन मोठ्या उत्साहानं ओट्यावर गेले. तो रविवार मी विसरावा असं फार जणांना वाटतं, पण माझी स्मरणशक्ती दुर्दैवानं चांगली आहे.

हवेत खाडीचा दमटपणा होता, डफ सैल पडले होते. काकांनी पुठ्ठा जाळून ते शेकवले. नानांनी थाप मारली, मामांनी तुणतुणं धरलं आणि नाना गायला लागले, "संगं माझ्या जन्मा आली..."

मला वाटलं, आठवण म्हणून गातायत. पण ते शेवटच्या ओळीला आले, डफ मांडीवर ठेवला आणि हनुवटी वर करून आबांकडं बघत राहिले. सवाल होता तो.

आबांनी खाली बघितलं. डोकं खाजवलं. परत खाजवलं.

"न्हाई बा सुचत," ते म्हणाले. "लई अवघाड घातलास, नाना. हरलो."

"अवघाड हाय," एक काका म्हणाले.

"लईच," दुसरे म्हणाले.

मला आबांची काळजी वाटली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, विसरला असेल. आणि विसरलेल्यासाठीच तर वही असते. मी भराभर अनुक्रमणिका काढली.

"आबा, येतं की तुम्हाला! पान एकोणीस. पौषात विचारलाय नानांनी हाच. तुम्ही लगेच सांगितलं होतं." आणि केलेलं काम अर्धं राहू नये म्हणून मी जबाबही वाचून दाखवला. सावली. चौघांच्या सावल्या. शुद्ध, स्पष्ट, वक्तृत्व स्पर्धेत वाचतात तसा.

वाऱ्यानं कांद्याची सालं ओट्यावरून सरकत होती.

"काय म्हनली पोरगी?" नानांनी विचारलं. मग माझ्याकडं वळले. "वाच परत."

मी परत वाचलं.

"पोर हाय, नाना," आबा घाईनं म्हणाले. "चुकीचं लिवलं आसंल."

"नाही आबा," मी म्हटलं, "तारीख आहे."

त्यांच्यात एक नियम होता. तो मला माहीत होता. माझ्याच वहीत पहिल्या पानावर 'नियम' या मथळ्याखाली क्रमांक चारवर लिहिलेला होता. एकदा फुटलेला सवाल त्याच शाहिरानं परत टाकला, तर त्याची पोतडी रिकामी झाली असं धरायचं. त्यानं डफावरची खूण उतरवायची. उतरलेली खूण परत चढते ती फक्त नव्या शिष्याच्या हातानं. हा नियम कधी वापरावा लागला नव्हता. लिहिताना मला तो फक्त सुबक वाटला होता.

नानांनी जरीचा तुरा सोडायला घेतला. गाठ जुनी होती, सुटेना. मामा मदतीला वाकले तर त्यांचा हात झटकला. तुरा निघाला तेव्हा त्यांनी तो माझ्या उघड्या वहीत ठेवला, पान एकोणीसवर, खुणेसाठी ठेवतात तसा.

"नीट लिवतीस," ते म्हणाले. आणि डफ काखेत मारून मामांच्या आधारानं ओटा उतरून गेले.

घरी जेवताना आबा म्हणाले, "तू परीक्षेत हुतीस तवा तीनदा इचारला त्यानं त्यो सवाल. तीनदा हरलो मी. ह्यो चौथा बार हुता."

"मला काय माहीत आबा? मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मी?" त्यांनी ताटातून मान वर केली. "शिकलीस, ब्येस झालं. आता जरा गप बसायला शीक."

पुढच्या रविवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मामांनी निरोप आणला, "शाहीर म्हनत्यात, रिकाम्या हातानं यायचं न्हाई."

तुरा नाही म्हणजे कलगी जिंकली. तीस वर्षांची लढाई, संपूर्ण विजय, जग शक्तीनंच केलं यावर शिक्कामोर्तब. विजयी वीर त्या रविवारी ओट्यावर बसून एकमेकांकडं बघत होते. सवाल टाकायचा तर कोणाला? एका काकांनी सुचवलं की आपण तिघांतच दोन बाजू पाडू. दुसऱ्या काकांना तुरेवाला केलं. त्यांनी शिव मोठा म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना रडायलाच आलं. मग तिघांनी गप तंबाखू मळली आणि गोण्या मोजत बसले, जे ते आठवडाभर करतातच.

तिसऱ्या रविवारी आबा गेलेच नाहीत. बनियनवर टीव्हीपुढं बसले आणि दुपारचा पिक्चर बघितला. आईनं लग्नानंतर प्रथमच नवरा रविवारी घरात बघितला. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "तीस वरीस मी म्हनत हुते, आयतवारी घरात ऱ्हावा. आता ऱ्हायलाय तर बगवंना. जा बया, काय करायचं ते कर, पर ह्यास्नी भाईर काड."

तुरा माझ्याकडंच होता. एकोणीस पानावर. वही उघडली की जुन्या जरीचा आणि हाताच्या घामाचा वास यायचा.

याच सुमारास मी सरांना सांगायचा प्रयत्न केला. "सर, तो कलगीतुरा... तो लुप्त नाही झालाय. म्हणजे आता होईल, पण अजून..." सर चांगले माणूस होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचे वडील अपवाद असतील. अभ्यासक्रमात अपवाद धरत नाहीत." मला तेवढ्यातही बरं वाटलं. अपवाद म्हणजे काहीतरी असणंच की.

नाना मुलाकडं नेरूळला राहायचे. शिरवणे गावाच्या पलीकडं नव्यानं उठलेल्या सेक्टरात, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा न्हावा शेव्याला कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात होता. जिन्याखाली सोसायटीची सूचना लावली होती. गच्चीत पापड वाळत घालू नयेत, वाद्ये वाजवू नयेत, मोठ्याने बोलू नये. मरण्याबद्दल काही लिहिलं नव्हतं, पण तेही बहुतेक सोसायटीची परवानगी घेऊनच करावं लागत असेल.

दार मुलानंच उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "या. बरं झालं तुम्ही लोकांनी बंद केलं ते. या वयात एवढा प्रवास, एवढं ओरडायचं, बीपी आहे त्यांना." आवाज खाली आणून पुढं म्हणाला, "पण जेवत नाहीयेत नीट. उशीवर थापा मारत बसतात."

नाना गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर खरोखरच उशी होती.

"बस," ते म्हणाले. "पानी मागू नगंस. फ्रिजमदलं हाय, दात ठनाकत्यात."

मी वही मांडीवर घेऊन बसले. येताना बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. "नाना, माझं चुकलं."

"काय चुकलं? पान एकोनीस बराबर हुतं का न्हाई?"

"होतं. पण मी गप बसायला पाहिजे होतं. आबा म्हणाले."

"तुजा आबा!" उशीवर एक जोराची थाप बसली. "त्याचं नाव काडू नगंस माझ्याम्होरं. आगं, मी इसरतो. काय इसरतो त्ये मला ठावं न्हाई, ठावं आसतं तर इसरनं कशाला म्हनायचं? पर तुजा बाप डोकं खाजवतो त्ये मला दिसतं. डोळं शाबूत हायती माजं. तीस वरसांत त्यानं मला एक सवाल सोडला न्हाई. माझी मालकीन गेली, तेरावा झाला, आन त्याच्या दुसऱ्या आयतवारी त्यानं मला असा धुतला की मी रडायचं इसरलो. त्यो माजा वैरी! आन आता डोकं खाजवतो. न्हाई बा सुचत म्हनतो. मी काय भिकारी हाय व्हय त्याच्या दारचा?"

दम लागला म्हणून ते थांबले. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना.

"त्यानं पैल्यांदा डोकं खाजवलं तवाच समाजलं," ते हळू म्हणाले. "आपलं कायतरी गेलंय. तू नुसतं वाचून दाखवलंस."

म्हणजे तीन वेळा आबा दयेनं हरले होते आणि तीनही वेळा नानांना ते कळलं होतं. दोघंही एकमेकांसाठी गप बसले होते. या सगळ्यात कोणाला काही कळत नव्हतं अशी एकच व्यक्ती होती, आणि ती अनुक्रमणिका करत होती.

"मग आता परत चला की," मी म्हटलं. "तुरा मी आणलाय."

"कोन बांधनार? नवा शिष्य पायजे. नातवाला म्हनलं. त्यो म्हनतो, आजोबा, कीबोर्ड घ्या."

मी बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडत बसले. मला कॉलेजात वर्गात हात वर करायलाही आठवडा लागायचा.

"नाना... मी चालेन का?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू कलगीची."

"आबा कलगीचे. मी फक्त डबा आणते."

"बाईमानूस."

"तुमच्यात चालत नाही?"

"आमच्यात? आमच्यात शिव मोठा, आमच्यात कसं चालंल? तिकडं इचार की, तिकडं देवी मोठी हाय."

"विचारलं होतं. नाही म्हणाले."

नाना हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं.

"मग ये," ते म्हणाले. "त्यांची जिरंल."

पण त्यांनी एक अट घातली. ते परत तोच सवाल टाकायला लागले की मी कोपर मारायचं. सगळ्यांदेखत नाही. हळूच. पान सांगायचं, ते दुसरा काढतील. "आन तुज्या बापाला सांग, डोकं खाजवलं तर मी त्याचं डोकं फोडीन."

घरी आबा जेवत होते. मी उंबऱ्यातच सांगितलं, आत गेले असते तर जमलं नसतं. "आबा, मी तुऱ्यात जाते. नानांचा तुरा मी बांधणार आहे. आणि त्यांनी सांगितलंय, डोकं खाजवायचं नाही."

आई भाकरी थापता थापता थांबली. आबांनी घास चावून गिळला. पाणी प्यायले. मला वाटलं, आता वही चुलीत जाते.

"जेव आदी," ते म्हणाले. मग ताट सारून, "आयतवारी माझ्या तांब्यातलं पानी मागायचं न्हाई."

रविवारी मी तुरा बांधला. माझी गाठ तिरकी पडली, मामांनी ती सरळ करायला हात लावला आणि नाना ओरडले, "ऱ्हाऊ दे तशी!" समोर दोन्ही काका माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू मी त्यांच्या घरातली ट्रंक घेऊन पळाले होते. एका अर्थी पळाले होतेच, कारण वही माझ्या मांडीवर होती आणि कलगीचे सगळे जबाब तीत होते. त्याची तरतूद नियमांत नव्हती. मी क्रमांक सात म्हणून नंतर लिहिली. वहीतलं समोरच्याचं वापरायचं नाही, फक्त आपलं विसरलेलं बघायचं.

नानांनी थाप मारली आणि सुरू केलं, "संगं माझ्या..." मी कोपर मारलं. "एकोणीस," मी पुटपुटले. त्यांनी ओळ तिथल्या तिथं वळवली आणि वेगळाच सवाल टाकला, मी कधी न ऐकलेला. मी मागून ओळ धरली. माझा आवाज असा निघाला की वॉचमन उठून बघायला आला. पण धरली.

आता आबांची पाळी. त्यांनी डोकं खाजवलं नाही. त्यांनी आधी आपला भरलेला तांब्या पुढ्यात, मला दिसेल असा ठेवला. मग जबाब देऊन झाल्यावर टोमणा लावला:

शिवाच्या घरी, बगा मंडळी, नवाल काय जालं,
शिव बसला डोळं मिटून, शक्तीनं वाचून दिलं!

काका दोघेही ओट्यावर उभे राहिले. खरं सांगायचं तर वार जबरदस्त होता. तुरेवाल्यांची वही बाईच्या हातात, म्हणजे वाद तिथंच संपला. माझं तोंड लाल झालं, आणि हा आपला बाप आहे याचा मला आनंदही झाला, दोन्ही एकदम. आम्ही त्या दिवशी सपाटून हरलो. नाना मांडीवर मूठ आपटत म्हणत होते, "आला! आला परत माजा वैरी!"

त्या आनंदानं वय काही कमी झालं नाही. मी तिसऱ्या वर्षाला जाईपर्यंत मामा गावी गेले ते परत आले नाहीत, तुणतुणं मी शिकले, वाईट शिकले. कलगीतले एक काका गुडघ्यांपायी घरी बसले. ओट्यावर आम्ही चौघं, दोन-दोन. बरोबरी झाली म्हणायची. माझ्या कोपराला काम वाढत गेलं. आधी एका दुपारी एकदा, मग चारदा, मग नाना प्रत्येक सवालाआधी माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची. रविवारी घरून निघताना आबा आणि मी वेगवेगळ्या बसनं जायचो. येताना एकाच. ओट्यावर आबा मला कधीच सोडायचे नाहीत. आवाजावरून, केसांवरून, कॉलेजवरून, वहीवरून, सगळ्यावरून गायचे. एकदा एस.वाय.च्या माझ्या गुणांवरून गायले, ते मला फारच लागलं.

शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात एका रविवारी नाना मुलाबरोबर आले. मुलगाच आता आणून सोडायचा आणि ओट्याखाली उभा राहायचा. मी त्यांना बसवलं, डफ शेकवून हातात दिला. त्यांनी तुऱ्याला हात लावून बघितला, माझ्या तिरक्या गाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं, सवाल विचारायला परवानगी मागतात तसं नव्हे.

"तू कुनाची गं?"

आबा समोरच होते. त्यांनी ऐकलं.

"तुमच्या बाजूची, नाना," मी म्हटलं.

"आन ह्यो?"

"तो समोरच्या बाजूचा."

नाना आबांकडं बघत राहिले. आबांनी मान खाली घातली. त्यांचा हात कपाळापर्यंत गेला. मग तोच हात खाली येऊन डफावर बसला, इतक्या जोरात की ओट्याखाली मुलगा दचकला.

"अस्सं," नाना म्हणाले, आणि खाली गेलेला खांदा सावरून सरळ बसले. "मंग सोडायचा न्हाई ह्याला. काड वही."